डोळ्यांवरची चौकट

चौकट नेमकी आईच्या डोळ्यांवर येऊन बसली. करड्या रंगाची, आडवी, कडेला लाल गोळ्यात पांढरी फुली आणि मध्ये इंग्रजी वाक्य. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये माधवी मॅडमनी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा आम्ही सगळ्या मुली फिदीफिदी हसलो होतो. या प्रोग्रामने बेकायदेशीर कृत्य केले आहे आणि तो बंद करण्यात येईल. आता हसू आलं नाही. सकाळपासून मान मोडून केलेलं काम जपून ठेवावं म्हणून मी बटण दाबलं, आणि मशीनने क्षणभर विचार केल्यासारखं करून हे माझ्या पुढ्यात टाकलं. चौकटीच्या वर आईचं कपाळ, खाली नाक, ओठ, हनुवटी. मध्ये ती पाटी. दुपारी गावी, दिघाशीला, आईचा जलदानविधी होता, माझा भाऊ बाळाराम टेम्पो घेऊन कुठल्याही क्षणी येणार होता, आणि तिचा फोटो, लोकांसमोर ठेवण्याजोगा एकुलता एक, या काचेमागे अडकला होता. मी माऊसवरचा हात अलगद उचलून घेतला, पायाशी साप दिसल्यावर माणूस पाय उचलतो तसा.

मग कान दिला. भिवंडीत लाइट गेलेली डोळ्यांना नंतर कळते, कानांना आधी. आमच्या फोटो स्टुडिओच्या मागे भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचे कारखाने आहेत. लूमचा खडखडाट इतका अखंड की तो ऐकूच येत नाही, ऐकू येते ती शांतता. व्होल्टेज पडायला लागलं की आधी आवाज जड होतो, एकेक ठोका सुटा ऐकू येतो, पंखा रेंगाळतो, कोपऱ्यातला स्टॅबिलायझर टक्क टक्क करायला लागतो, आणि मग सगळं एकदम थांबून रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं कानाशी आल्यासारखं वाटतं. दुपारची लाइट जायची वेळ होत आली होती. मशीनला बॅटरी नव्हती. स्टुडिओचे मालक तात्या म्हणायचे, एवढं महागाचं डबडं घेतलं, आता त्याला सलाईनही लावू काय? मागे लूम चालू होते. चालू राहा बाबांनो, मी मनातल्या मनात म्हटलं. ज्या आवाजाने जन्मभर डोकं उठवलं त्यालाच मी हात जोडत होते.

‘डोळे उघडणे’ हे तात्यांचं खास काम. आमच्याकडे पुष्कळ माणसांचा फोटो जिवंतपणी निघतच नाही. माणूस गेलं की कुणीतरी कॅमेरा शोधत धावतं, मयताचा एक फोटो काढला जातो आणि तो तात्यांकडे येतो. तात्या बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायचे. त्यासाठी घरातलं कुणीतरी समोर बसवून घ्यायचे, मुलगा किंवा मुलगी. म्हणायचे, रक्ताचे डोळेच चेहऱ्यावर बसतात. पण समोर कुणीही बसो, कागदावर उतरायचे ते तात्यांचेच डोळे, मोठे, मवाळ, जरासे गोंधळलेले. निम्म्या भिवंडीत भिंतीवरची मेलेली माणसं तात्यांच्या डोळ्यांनी जेवणाऱ्यांकडे बघत असतात, आणि हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आता तात्यांचा हात कापतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काळा चष्मा लावून ते बाहेर काउंटरवर बसतात, आणि डोळे उघडायचं काम या मशीनवर मी करते. हात चांगला बसलाय माझा. काल संध्याकाळपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

काल संध्याकाळी बाळारामने आईचा फोटो आणून दिला. गावचा कोंडूमामा कॅमेरा घेऊन उशाशी उभा राहिला असावा, त्यामुळे चेहरा वरून दिसत होता. हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडक्याची पट्टी बांधलेली, नाकात कापूस, डोळे मिटलेले. फोटो टेबलावर ठेवून बाळाराम म्हणाला, “फोटोच्या दुकानात कामाला ऱ्हायलीस, आन आयचा एक फोटो न्हाय.” त्याला काय सांगणार? मी कितीदा म्हटलं होतं. आई हात झटकायची. “माजा कशाला? माजा थोबाड बगितलाय समद्यांनी.” मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला लोक आले तेव्हा ती ड्युटीवर होती. माझ्या मावसबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ती आहे, असं आक्का, आईची थोरली बहीण, म्हणते, पण तिथे नुसता एक पदर आणि कोपर दिसतं. आई फोटोच्या बाबतीत अशीच निसटायची, आणि मलाही वाटायचं की आहे ना समोर, काढू कधीतरी.

सकाळी मी पट्टी काढली. हनुवटीखालची कातडी शेजारून उचलून उचलून तिथे आणली. नाकातला कापूस काढायला जास्त वेळ गेला, कारण नाकपुडीतला काळोख खरा वाटायला हवा. ओठांची डावी बाजू जराशी ओढली गेली होती, ती सरळ केली. इतकं करेपर्यंत मी आईचं काम करते आहे हे विसरले होते. गिऱ्हाइकाचंच काम चाललं होतं म्हणा ना. मग डोळ्यांपाशी आले आणि थांबले. आईचे डोळे कसे होते? मला आठवेना. घारे नव्हते, एवढं कळत होतं. पण बघायची कशी? मी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले आणि तिला समोर आणायचा प्रयत्न केला, तर कांडीचा कारखाना समोर आला. शाळा सुटली की मी तिचा डबा घेऊन जायचे. बायका ओळीने मशीनसमोर बसलेल्या, भरभर फिरणाऱ्या कांड्यांवर सूत भरलं जातंय, हवेत कापसाचा भुगा, केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरा थर. आवाज इतका की हाक मारून उपयोग नव्हता. मी तिच्या पुढ्यात उभी राहायचे. ती मान खाली घालून सूत बघत असायची. कुठेतरी धागा तुटलेला असायचा, ती त्याचं टोक शोधायची, बोटांच्या चिमटीत गाठ मारायची, आणि मग वर बघायची. एवढं सगळं आठवतं. गाठ आठवते, बोटं आठवतात, मी पायांचा भार बदलत उभी आहे ते आठवतं. वर बघितल्यावरची आई मात्र आठवत नाही.

शेवटी मी तात्यांचा नियम पाळला. माझ्या स्वतःच्या फोटोतले डोळे कापले आणि आईला लावले. भोवती सुरकुत्या ओढल्या, भुवया विरळ केल्या, बुबुळं जराशी फिकी केली. मग जरा मागे सरकून बघितलं. डोळे बसले होते, अगदी छान बसले होते. पण पडद्यातून जी बाई माझ्याकडे बघत होती ती आई नव्हती, म्हातारी झालेली मी होते, आणि ती माझ्यावर चिडलेली होती. ओळखपत्रासाठी फोटो काढताना मी चिडलेलेच होते, उन्हातून आले होते म्हणून. हीच चिडकी नजर दुपारी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी हार घालून ठेवायची, आणि मग बाळारामच्या घरात जन्मभर भिंतीवर. मी घाईने सेव्हचं बटण दाबलं, विचार बदलायच्या आत. तेव्हा ही चौकट आली. खरं सांगायचं तर ते डोळे झाकले गेले त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की कानशिलं गरम झाली.

बाहेरून तात्या म्हणाले, “बकुळा, काय झालं? बोटांचा आवाज थांबला.”

“अडकलंय मशीन.”

“बंद करून चालू कर.”

“बंद केलं तर सगळं जाईल, तात्या.”

मी चौकट जराशी बाजूला सरकवून बघायचं ठरवलं. माऊसने तिची वरची पट्टी धरली आणि केसभर उजवीकडे ओढली. जिथून ती हलली तिथे डाव्या कानशिलाची रेघ दिसायला हवी होती. तिथे काहीच नव्हतं, नुसता करडा रंग, चौकटीचीच कड खरवडून मागे राहिलेली. मी हात काढून घेतला. म्हणजे ही चौकट जिथे जाईल तिथलं पुसत जाणार. डोळे गेलेच होते. खाली ओढली तर नाक जाईल, ओठ जातील, सकाळपासून निवडून निवडून काढलेला कापूस आणि सोडवलेली पट्टी, सगळं. आई होती तेवढी आता फक्त काचेवर होती, मशीनच्या पोटात नव्हती. आणि मागे लूमचा आवाज जरा जड झाल्यासारखा वाटला. खरंच झाला की मला वाटलं? मी श्वास धरून ऐकलं. पंखा तर फिरत होता.

तेव्हा ती कळ आठवली. क्लासमध्ये सुरुवातीला काळे पडदे आणि हिरवी अक्षरं होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या चंद्राने एकदा चुकून कीबोर्डच्या उजव्या अंगाची वरची ‘प्रिंट स्क्रीन’ची कळ दाबली आणि कोपऱ्यातला प्रिंटर एकाएकी किंचाळत पडद्यावर होतं नव्हतं ते सगळं छापायला लागला. चंद्रा घाबरून रडली होती. पुढे विंडोज आलं आणि ती कळ मुकी झाली. दाबली तरी काही होत नाही, म्हणून आम्ही ती विसरून गेलो. पण माधवी मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, “होतं काहीतरी. पडद्याचं चित्र आत जातं. आत एकाच चित्रापुरती जागा असते, दुसरं आलं की पहिलं गेलं. आणि कुठेतरी चिकटवेपर्यंत ते कुणाला दिसत नाही.” मी ते कधी करून बघितलं नव्हतं. गरजच काय पडली होती? पडदा समोर असताना पडद्याचा फोटो कोण काढतं?

मी कळ दाबली. काही झालं नाही. आवाज नाही, चमक नाही, पडदा जागचा हलला नाही. आई तशीच, चौकट तशीच. गेलं असेल आत? कसं कळणार? पुन्हा दाबावं असं वाटलं आणि बोट कळीपर्यंत गेलं, पण भीती वाटली की पहिलं जाईल आणि दुसरं यायचं नाही. कोपऱ्यातून दुसरा प्रोग्राम उघडायला गेले तर वाळूचं घड्याळ आलं आणि फिरत बसलं. चौकट बंद केल्याशिवाय मशीन काही करू देणार नव्हतं. म्हणजे आधी मी स्वतःच्या हाताने हे जे दिसतं आहे ते घालवायचं, आणि मग बघायचं की न दिसणारं काही उरलं आहे का.

दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. बाळाराम घामाघूम होऊन आत आला. पांढरा सदरा, काखेत फ्रेम. “झाला काय? भंतेजी निगालं तिकडून. मानसं जमल्यात.” मग त्याने पडदा बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. आई गेल्यानंतर पट्टीशिवाय, कापसाशिवाय तिचा चेहरा तो पहिल्यांदा बघत होता. “आय,” तो हळूच म्हणाला. आणि लगेच, “मदी काय आलाय ह्यो? काड ना बाजूला.” तो माऊसला हात घालायला पुढे झाला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. लहानपणीसुद्धा मी त्याला कधी इतक्या जोरात धरलं नव्हतं.

“हात लावू नको. तिथे हात लावशील तर तोंड पुसलं जाईल तिचं.”

“मंग आता?”

“आता मी हे बंद करणार. आत राहिली असेल तर परत येईल.”

“आन नसंल तर?”

स्टॅबिलायझरने टक्क केलं. लूमचा आवाज या वेळी नक्की जड झाला, बाळारामनेही मान वळवली. आई गेली तेव्हा मी भिवंडीत होते. दिघाशीला पोचले तोवर आक्काने तिचे डोळे मिटवले होते. तळहात कपाळावरून खाली फिरवला, एवढंच, असं तिने सांगितलं. ते काम माझ्या वाट्याला आलं नाही म्हणून मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मी बाण बंद करायच्या बटणावर नेला आणि दाबलं. चेहरा गेला. पडद्यावर नुसता निळा-हिरवा रंग राहिला. बाळारामने तोंडाने चक्‌ केलं, बैल गाडीला जुंपताना बिथरला की माणूस करतो तसं, आणि मागे सरून भिंतीला टेकला.

चित्रं काढायचा साधा प्रोग्राम उघडायला मशीनने इतका वेळ लावला की मी त्याला शिव्या दिल्या, मोठ्याने, तात्यांना ऐकू जातील अशा. मग कोरा पांढरा कागद आला. मी चिकटवायची आज्ञा दिली. क्षणभर काहीच नाही. आणि मग एकदम सगळा पडदा पडद्याच्या आत येऊन पडला, प्रोग्रामच्या पट्ट्या, हत्यारांच्या खुणा, खाली घड्याळ, आणि मध्ये आई. कपाळ, नाक, सरळ केलेले ओठ, हनुवटी. डोळ्यांच्या जागी तेच वाक्य. बेकायदेशीर कृत्य. जन्मात तिने एकच बेकायदेशीर कृत्य केलं असेल, कारखान्यातला तुटक्या सुताचा गुंता कमरेला खोचून घरी आणायची आणि त्याच्या उश्या भरायची. त्या उशीवर आम्ही दोघं भावंडं झोपलो. आधी मी ते चित्र सेव्ह केलं. मशीनने मुकाट्याने घेतलं.

डोळे पुन्हा बसवायला वेळ नव्हता. माझ्याच फोटोतून ते पुन्हा कापता आले असते, पण सुरकुत्या, भुवया, बुबुळं, सगळं नव्याने करायचं तर दुपार गेली असती. आणि ती नजर परत बोलवायची माझी इच्छाही नव्हती. सकाळचा स्कॅन मशीनमध्ये होता, पट्टी आणि कापसासकटचा. मी तो उघडला, त्यातली डोळ्यांची तेवढी पट्टी कापली, मिटलेल्या पापण्या, भुवया, दोन्ही कानशिलं, आणि आणून त्या वाक्यावर ठेवली. माप जुळलं. कड जरा उजळ दिसत होती, ती घासून मंद केली. बाळारामचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. प्रिंटरला कागद घातला. छपाईचं मुंडकं इकडून तिकडे फिरत एकेक रेघ सोडायला लागलं. केस आले, कपाळ आलं, पापण्या आल्या. मागे लूमचे ठोके सुटे व्हायला लागले. नाक आलं. खड. खड. खड. ओठ आले, हनुवटी आली, गळा सुरू झाला, आणि सगळं थांबलं. पंखा, लूम, प्रिंटर. रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी “अरे चावी कहाँ रखी?” म्हणून विचारत होतं, ते आत बसून विचारल्यासारखं ऐकू आलं.

मी कागद हळूहळू ओढून बाहेर काढला. गळ्याखाली कोरा होता.

“गळ्याखाली हार येतो,” मी म्हटलं. “झाकेल.”

“आन डोले?” बाळाराम म्हणाला. “मेलेल्या बाईचा फोटो लावायचा काय आपन? लोक काय म्हनतील? समद्यांच्या आया डोले उगडून भिंतीवर बसल्यात, आन आपलीच…”

तात्या चाचपडत आत आले होते. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर ढकलला, अगदी नाकाशी नेऊन बघितला. “ब्रश आहे माझ्याकडे. दोन फटक्यांत उघडतो.”

“उगडा तात्या,” बाळाराम लगेच म्हणाला.

ब्रश खरंच त्यांच्या हातात आला होता, खिशातच असतो त्यांच्या. त्याचं टोक हवेत कापत होतं. मला दिसलं की ते कुठले डोळे काढणार आहेत. मोठे, मवाळ, जरासे गोंधळलेले. माझे निघून गेले, आता तात्यांचे येणार. एकाने चिडून बघायचं, दुसऱ्याने गोंधळून. तिचं काय? मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उलटा छातीशी धरला. शाई ओली होती, माझ्या पांढऱ्या साडीला लागली. “नको तात्या. कुणाचेच नकोत,” मी म्हटलं. माझा आवाज भांडणाऱ्या बाईसारखा निघाला. तात्यांनी ब्रश खिशात ठेवला. बाळारामने माझ्याकडे असं बघितलं, जणू पुन्हा कधी माझ्याशी बोलणारच नाही.

टेम्पो वज्रेश्वरी रोडला लागला. फ्रेम माझ्या मांडीवर होती, काच वर करून. झाडांच्या सावल्या तिच्यावरून सरकत होत्या. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. वाटलं, आपण हट्टाने काहीतरी भयंकर करून बसलो आहोत. पट्टी सोडली, कापूस काढला, ओठ सरळ केले, आणि शेवटी आईला मेलेलीच ठेवली. आता गावासमोर भावाची मान खाली घालायची, कशासाठी? दोन डोळ्यांसाठी. असे डोळे मी गिऱ्हाइकांना रोज उघडून देते.

मांडवात पांढऱ्या चादरीच्या टेबलावर प्रतिमांशेजारी फ्रेम ठेवली. बाळारामने घाईघाईने हार घातला, कोरा भाग झाकेल असा. बायकांची कुजबुज थांबली. मग पुतळाबाई, आईच्या शेजारची, हळूच म्हणाली, “मिटल्यात ना गो डोले?” बाळाराम जमिनीकडे बघत उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. मी तोंड उघडलं, काय सांगणार होते कोण जाणे, मशीनबद्दल, लाइटबद्दल, आणि तेवढ्यात आक्का काठी टेकत पुढे आली. आईच्या शेजारी बसून तिनेही उभा जन्म कांड्या भरल्या आहेत. तिला आता जवळचंच दिसतं. ती वाकली, काचेला नाक लागेल इतकी वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

“मिटल्यात कुटं?” ती म्हणाली. “खाली बगते हाय.”

पुतळाबाई काचेकडे वाकली.

“धागा तुटलाय तिचा,” आक्का म्हणाली, आणि पदराने काचेवरचा आपल्या श्वासाचा वाफारा पुसला. “आता गाठ मारंल, आन बगंल वर.”

बायका एकेक करून खाली बसल्या. भंतेजी आले, सगळ्यांनी हात जोडले. बाळारामने माझा दंड धरून मला खाली बसवायला बघितलं, हळूच, रागाने नव्हे. मी बसले नाही. मी आईच्या पुढ्यात उभी राहिले.